तरुणांच्या बँडचे रंगमंच आणि प्रकाशयोजनेचे शिक्षण : एक चिकित्सा

प्रास्ताविक :

मराठी नाट्यसमीक्षेत संहिता, अभिनय आणि दिग्दर्शन यांचा जेवढा विचार झाला, तेवढा प्रकाशयोजनेचा झालेला नाही. परीक्षणाच्या अखेरीस 'प्रकाशयोजना प्रसंगानुरूप होती' एवढे एक वाक्य येते आणि विषय संपतो. वर्गातील स्थिती याहून निराळी नाही. स्टॅनले मॅककँडलेस यांनी १९३२ च्या ग्रंथात सांगितलेली पद्धत विद्यार्थी पाठ करतो. अभिनयक्षेत्राचे भाग पाडावेत, प्रत्येक भागावर दोन बाजूंनी पंचेचाळीस अंशांतून एक उबदार व एक शीत छटेचा दिवा टाकावा, हे तो परीक्षेत लिहितो. मात्र डिमरला त्याचा हात क्वचितच लागतो. या उणिवेवर उपाय म्हणून एक मत मांडले जाते : प्रकाशयोजना शिकायची तर ती तरुणांच्या बँडच्या प्रत्यक्ष कार्यक्रमात शिकावी. प्रस्तुत लेखात या मताची चिकित्सा कळंबसारख्या तालुक्याच्या गावाच्या संदर्भात करावयाची आहे.

मताचे बळ :

हे मत पोकळ नाही. आज नाट्यगृहांत दिसणाऱ्या उपकरणांपैकी बरीच संगीताच्या मैफलींतून घडली आहेत. पार कॅन हा स्वस्त, दणकट दिवा रॉक बँडच्या दौऱ्यांनी १९७० च्या दशकात सर्वदूर नेला. दिशा व रंग आपोआप बदलणारा 'व्हॅरी-लाइट' १९८१ मध्ये 'जेनेसिस' या बँडच्या दौऱ्यात प्रथम वापरला गेला. आपल्याकडेही मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' धोबी तलावच्या रंगभवनात दीर्घकाळ होत असे. तो परिसर शांतता क्षेत्रात गणला गेल्यावर तेथील खुले कार्यक्रम थांबले, आणि तरुणांचे एक मोकळे रंगपीठ गेले.

परंतु उपकरणांपेक्षा महत्त्वाची आहे ती काळाची शिस्त. नाटकाच्या तालमीत प्रकाशाचा संकेत चुकला तर दिग्दर्शक 'पुन्हा घ्या' म्हणतो. बँड थांबत नाही. गिटारवादकाने एक आवर्तन वाढविले तर दिव्यांच्या कळीवर बसलेल्याला ते कानाने ओळखावे लागते. आठ मात्रांचा केरवा मनात मोजत, समेच्या क्षणभर आधी बोट तयार ठेवणे ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकातून येत नाही. तबल्याची तिहाई ऐकत वाढलेल्या मुलाला ती लवकर साधते, हेही नमूद केले पाहिजे.

दुसरा धडा काटकसरीचा. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात चिप माँक हे प्रकाशयोजनाकार होते. मंचावरील छत दिव्यांचा भार पेलणारे नसल्यामुळे त्यांना मुख्यतः फॉलो स्पॉटवर काम भागवावे लागले. साधने नाहीत म्हणून प्रकाशयोजना शिकविता येत नाही, ही आपली नेहमीची सबब या उदाहरणापुढे टिकत नाही.

कळंबचे वास्तव :

गावातील कार्यक्रम बहुधा उघड्या मैदानावर, मंडपवाल्याने बांधलेल्या मंचावर होतात. येथे प्रकाशयोजनेचा पहिला प्रश्न सौंदर्याचा नसून विजेचा असतो. एक हजार वॉटचे चोवीस पार कॅन लावले तर भार चोवीस किलोवॉट होतो. तो एकाच फेजवर टाकला तर प्रवाह शंभर अँपिअरच्या पुढे जातो. तीन फेजवर समान वाटला तर प्रत्येकी सुमारे पस्तीस. याउलट तीन वॉटचे चोपन्न एलईडी असलेले तेवढेच दिवे चार किलोवॉटच्या आत भागतात. आता गावोगाव एलईडीच दिसतो, त्याचे कारण मुख्यतः हे आहे. मात्र त्याची किंमत कलेला मोजावी लागते. जुन्या दिव्याचा प्रकाश मंद करताना पिवळसर, मग तांबूस होत विझत असे, जणू सांज उतरावी तसा. एलईडी मंद होतो, पण आपोआप उबदार होत नाही. लाल, हिरवा व निळा यांच्या मिश्रणातून काढलेला पांढरा सावळ्या त्वचेवर निर्जीव दिसतो, हे मंचासमोर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

वेळेचीही अडचण आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. शासनाने सवलत दिलेले वर्षातील मोजके दिवस वगळता. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. म्हणजे अंधाराचे जेमतेम अडीच-तीन तास हाती उरतात. दिव्यांची जुळवणी आदल्या रात्रीच केली पाहिजे, हे विद्यार्थ्याला व्याख्यानातून सांगावे लागत नाही. आणि धूर? धुरात किरण दिसतो म्हणून बँडवाले धुराचे यंत्र आणतात. पण उघड्या माळावरचा वारा त्याची फिकीर करीत नाही.

मताची मर्यादा :

एवढे मान्य करूनही मुख्य आक्षेप उरतोच. बँडचा प्रकाश स्वतःला दाखवितो. नाटकाचा प्रकाश दुसऱ्याला दाखवितो. पहिल्यात दिवा प्रेक्षकांच्या डोळ्यांवर रोखला तरी चालते, दुसऱ्यात नटाचा चेहरा हरवला की सारे हरवते. केवळ बँडवर शिकलेला विद्यार्थी एकांकिकेत आला की खुनाच्या प्रसंगी मंच लाल करतो आणि आक्रोशावर स्ट्रोब लावतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून हे इतक्या वेळा दिसते की त्याला आता संकेताचे रूप आले आहे. तापस सेन यांनी १९५९ मध्ये उत्पल दत्त यांच्या 'अंगार' नाटकात खाणीत चढत जाणारे पाणी प्रकाशातून उभे केले. ते परिणामकारक ठरले, कारण प्रेक्षक दिवा विसरून पाणी पाहत होते.

शिवाय मराठी गाण्याचा प्राण शब्दात आहे. 'अभंग रिपोस्ट'सारखे तरुणांचे बँड अभंग नव्या वाद्यमेळात गातात, ते स्वागतार्हच आहे. परंतु दिवे 'साऊंड अॅक्टिव्ह' करून ठेवले की ते ढोलाच्या ठोक्याला उत्तर देतात, अर्थाला नाही. ठोका आणि ओळीचा आशय एकाच ठिकाणी पडतोच असे नाही. ज्या ओळीवर श्रोत्याने थांबावे, तेथेच मंच लखलखतो.

याच जिल्ह्यात याचे उत्तर फार जुने आहे. तुळजापूरची भवानी आणि आपल्याच तालुक्यातील येरमाळ्याची येडेश्वरी यांच्या उपासनेत गोंधळ्याच्या हाती दिवटी असते आणि बुधलीतून तिला तेल मिळते. हा प्रकाश संबळाच्या जवळ असतो, पण त्याच्या प्रत्येक ठोक्याला दचकत नाही. तो कथा सांगणाऱ्याच्या चेहऱ्याजवळ राहतो, आणि अंधार शाबूत ठेवतो. बँडच्या मंचावर जे शिकायला मिळत नाही ते नेमके हेच, अंधाराचा उपयोग.

अध्यापनाची दिशा :

विद्यापीठीय युवक महोत्सवांच्या स्पर्धांत संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय व ललित कला येतात. प्रकाशयोजना हा स्वतंत्र कलाप्रकार नाही. राज्य नाट्य स्पर्धेत मात्र तिला वेगळे पारितोषिक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या श्रेयांक-रचनेत कौशल्य अभ्यासक्रमांना जागा मिळाली असल्याने हा विषय आता महाविद्यालयांच्या आवाक्यात आला आहे. तो घेताना एकच गाणे दोनदा करून पाहावे : एकदा सर्व रंगांनी, एकदा केवळ सहा पांढऱ्या दिव्यांनी. दोन्ही वेळा प्रेक्षकांतील विद्यार्थ्यांना गाण्यातील किती शब्द आठवतात, ते विचारावे. आणि शिकविण्याचे काम एकट्या प्राध्यापकावर सोपवू नये. फेज कसा वाटावा, अर्थिंग कोठे द्यावे, पाऊस आला तर आधी काय उतरवावे, हे गावातील लाईटवाल्याला ठाऊक असते. त्याला अतिथी मार्गदर्शक म्हणून मानधन देऊन बोलाविण्यास कोणत्या नियमाखाली मंजुरी मिळेल, हा प्रश्न मात्र अभ्यासमंडळाने सोडवावयाचा आहे.