क्रिस्तपुराण : मूळ पाठाचा प्रश्न व शुभवर्तमानांचा अर्थ

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्यांचें क्रिस्तपुराण हें मराठींतील शुभवर्तमानांचें पहिलें मोठें ओवीबद्ध निरूपण होय. इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आलेल्या या ग्रंथकारांनीं तें १६१६ मध्यें राचोल येथें रोमन लिपींत छापविलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं पुनर्मुद्रणें झालीं. पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध असल्याचें ज्ञात नाहीं. पोर्तुगीज सरकारनें १६८४ मध्यें देशी भाषेविरुद्ध काढिलेलें फर्मानही अशा ग्रंथांच्या रक्षणास अनुकूल नव्हतें. जोसेफ साल्ढाणा यांनीं हस्तलिखितें मिळवून १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींतच आवृत्ति काढिली, व तिच्या आधारें शांताराम बंडेलू यांनीं १९५६ मध्यें ती देवनागरींत आणिली.

यांखेरीज लंडन येथें विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहांतील एक देवनागरी पोथी आहे. साल्ढाणांच्या पाठांत जेथें पोर्तुगीज अथवा लॅटिन धर्मशब्द येतात, तेथें या पोथींत बहुधा संस्कृत शब्द आढळतात. डॉ. जस्टिन ॲबट यांनीं १९२३ सालीं हिचा परिचय करून देतांना हाच मूळ देवनागरी पाठ होय, असें प्रतिपादिलें. आमचेंही बरीच वर्षें हेंच मत होतें. परंतु संस्कृत शब्द पाहून संस्कृत शिकविणाऱ्यास आनंद होतो, आणि आनंद हें कांहीं प्रमाण नव्हे.

स्टीफन्स यांनीं १६०८ सालीं रोमला पत्र पाठवून देशी लिपीचे ठसे पाडण्याची अनुज्ञा मागितली होती, हें ॲबट यांच्या पक्षास पोषक खरें. पण त्यावरून ग्रंथकारांची इच्छा सिद्ध होते. अमुक पोथी मूळ आहे, हें सिद्ध होत नाहीं. परकी शब्द मागाहून घुसडले गेले असतील, तसेच एखाद्या लेखकानें ते मागाहून काढूनही टाकिले असतील. मग निर्णय कसा व्हावा? आमच्या मतें यमकांवरून. क्रिस्तपुराणाची ओवी अक्षरसंख्येनें सैल आहे, पण पहिल्या तीन चरणांचें यमक ती सहसा सोडीत नाहीं. वादग्रस्त शब्द चरणान्तीं असेल तर शेजारचे दोन चरण साक्षीला उभे राहतात. ज्या पाठांत यमक जुळतें, तो पाठ त्या स्थळीं जुना. अशा स्थळांची समग्र यादी हातीं असल्याखेरीज ‘मूळ’ हा शब्द वापरूं नये.

आतां अर्थाकडे वळूं. मार्काचें शुभवर्तमान सर्वांत जुनें, इ. स. ७० च्या सुमाराचें, असें बहुतेक अभ्यासक मानितात. त्यांत जन्मकथा मुळींच नाहीं. पूर्वेचे ज्ञानी मत्तयांत येतात, मेंढपाळ लूकांत. योहान तर आरंभच शब्दतत्त्वापासून करितो. स्टीफन्स यांनीं दुसऱ्या पुराणाच्या ५९ अवस्वरांत या चौघांचें कथन एका ओघांत गुंफिलें. दुसऱ्या शतकांत तातियानानें हाच उद्योग केला होता. पुराण म्हणून ही एकवाक्यता शोभते. परंतु इतिहास म्हणून वाचणारानें चार साक्षी पुन्हां वेगळ्या केल्या पाहिजेत. आमच्या विदर्भांतील वाचकांस हें समजणें कठीण नाहीं. म्हाइंभटांनीं लीळा गोळा केल्या, पुढें लीळाचरित्राचे अनेक पाठ झाले. ते एकत्र कालविण्यापेक्षां भेद नोंदविणें हीच त्या ग्रंथाची खरी सेवा ठरली.

शब्दयोजनेचाही विचार व्हावा. स्टीफन्स स्वर्गासाठीं ‘वैकुंठ’ योजितात. श्रोत्यांस तो शब्द ओळखीचा, म्हणून परिणामकारक. पण मत्तयाच्या ‘स्वर्गाच्या राज्यां’तील ग्रीक शब्दाचा मुख्य अर्थ देवाची सत्ता असा आहे, केवळ स्थळ असा नव्हे. वैकुंठ म्हणतांच मन एका लोकाकडे, एका धामाकडे वळतें, आणि ‘तें राज्य जवळ येऊन ठेपलें आहे’ या घोषणेंतील निकड हरपते. हा ग्रंथकारांचा अपराध नव्हे. दुसऱ्याच्या घरांतील शब्द उसना घेतला म्हणजे त्या घराच्या आठवणीही बरोबर येतात. स्टीफन्स यांना ही अडचण जाणवलेली असावी. एरवीं परकी शब्द ठेवण्याचा खटाटोप कोणी कां करावा? म्हणजे पाठाचा प्रश्न व अर्थाचा प्रश्न हे एकच आहेत. मूळांत परकी शब्द होते असें ठरल्यास स्टीफन्स सावध तत्त्ववेत्ते ठरतात. संस्कृत होते असें ठरल्यास धाडसी भाषांतरकार.

म्हणून पोथीसंग्राहकांस विनंती अशी कीं, गोमंतक व मंगळूर या बाजूंस या पुराणाचीं जीर्ण पानें आढळल्यास तीं क्षुल्लक समजूं नयेत. चार ओव्यांचा तुकडा असला तरी त्यांतील चरणान्तींचे शब्द जसेच्या तसे, शुद्धलेखन न सुधारतां, उतरून घ्यावेत. ग्रंथकारांस न्याय मिळेल तो अशाच तुकड्यांवरून.

गोंदिया