महासंगणकाचे शिक्षण : संख्या आणि सराव

कोणत्याही मोठ्या यंत्राचा इतिहास दोन अंगांनी लिहावा लागतो. ते यंत्र कसे घडले, हे त्याचे एक अंग. ते वापरावयास माणसे कशी शिकली, हे दुसरे. महाराष्ट्रात महासंगणकाची कथा बहुधा पहिल्याच अंगाने सांगितली जाते. अमेरिकेने हवा तो महासंगणक देण्यास नकार दिला, १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला. ही हकीकत आता सर्वपरिचित आहे. परंतु अशा यंत्रावर काम चालविण्याची विद्या संशोधक कोठे, कोणाजवळ आणि किती दिवसांत शिकतो, ही विचारणा क्वचितच होते. वस्तुतः यंत्राचे फळ या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

२०१५ साली केंद्र शासनाने ४,५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महासंगणन अभियानास मान्यता दिली. यंत्रे उभारण्याबरोबरच ती वापरणारा वर्ग तयार करणे हाही या अभियानाचा एक घोषित हेतू आहे. त्यासाठी पुणे, खरगपूर, चेन्नई, पालक्काड आणि गोवा येथे प्रशिक्षण केंद्रे स्थापन झाली. २०२५ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या शासकीय माहितीनुसार तोवर ३४ महासंगणक कार्यान्वित झाले होते, त्यांची एकत्रित क्षमता ३५ पेटाफ्लॉप होती आणि २२,००० हून अधिक व्यक्तींना प्रशिक्षण मिळाले होते. ही कामगिरी लहान नाही. तथापि ‘प्रशिक्षण मिळाले’ या शब्दांचा नेमका अर्थ काय करावयाचा, हे पाहिल्याशिवाय तिचे मूल्यमापन पुरे होत नाही.

या विद्येत शिकावयाचे असते तरी काय, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. महासंगणक म्हणजे केवळ अधिक वेगाने चालणारा संगणक, अशी एक समजूत आहे. ती खरी असती तर स्वतंत्र शिक्षणाची गरजच पडली नसती. महासंगणकातील एकेक प्रोसेसर सुटा घेतला तर तो घरच्या संगणकातील प्रोसेसराहून फारसा वेगवान नसतो. सामर्थ्य असते ते हजारो प्रोसेसर एकाच कामास जुंपण्यात. म्हणून संशोधकाला आपला प्रश्न तुकड्यांत विभागावा लागतो, ते तुकडे वाटून द्यावे लागतात आणि तुकड्यातुकड्यांत होणारी निरोपांची देवाणघेवाण स्वतः आखावी लागते. या देवाणघेवाणीसाठी एमपीआय नावाची सर्वमान्य पद्धत १९९४ पासून प्रचारात आहे. तिचे नियम पुस्तकात मिळतात. विभागणी कोठे करावी हा विवेक मात्र पुस्तकात मिळत नाही.

जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. समजा, एखादे काम एका प्रोसेसरवर १०० तास घेते आणि त्यातील १० तासांचा भाग असा आहे, की तो कोणत्याही उपायाने वाटून देता येत नाही. उरलेले ९० तासांचे काम १०० प्रोसेसरांवर वाटले, तर एकूण वेळ १०.९ तास लागेल. तेच १,००० प्रोसेसरांवर वाटले, तर १०.०९ तास. दहापट यंत्रसामग्री गुंतवून तासाभराचाही लाभ झाला नाही. पहिल्या खेपेस १,०९० प्रोसेसर-तास खर्ची पडले, दुसऱ्या खेपेस १०,०९०. गणित आठवीच्या विद्यार्थ्यास समजेल इतके सोपे आहे. परंतु स्वतःच्या प्रोग्रॅममधील तो अविभाज्य भाग कोणता आणि तो कमी कसा करावा, हे प्रोग्रॅम चालवून, मोजून, पुन्हा बदलून पाहिल्याशिवाय कळत नाही. पोहणे जसे काठावरून शिकता येत नाही, तसेच हे आहे. शिकणाऱ्यास चुका करण्यासाठी खरे यंत्र लागते आणि त्या चुका दाखविणारा जाणता माणूस लागतो.

या दृष्टीने वरील आकड्यांकडे पुन्हा पाहावे. त्याच शासकीय माहितीत असे म्हटले आहे, की या महासंगणकांचा लाभ २०० हून अधिक शिक्षणसंस्थांतील १०,००० हून अधिक संशोधकांना झाला आणि त्यांत १,७०० हून अधिक पीएच. डी. चे विद्यार्थी होते. प्रशिक्षितांचा आकडा आणि वापरणाऱ्यांचा आकडा एकमेकांशी सरळ ताडून पाहता येणार नाहीत; कारण प्रशिक्षण घेतलेल्यांत उद्योगांतील माणसेही असतील, आणि वापरणाऱ्यांपैकी अनेकजण कोणत्याही वर्गात न जाता शिकले असतील. एवढे मान्य करूनही एक गोष्ट उरते. पहिला आकडा वर्गात बसलेल्यांचा आहे, आणि वर्ग संपल्यानंतर त्यांतील किती जणांच्या हाती यंत्र आले हे त्यावरून समजत नाही. शिक्षणाची परीक्षा मात्र तेथेच होते.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. या यंत्रांचा वापर क्षमतेच्या ८५ टक्क्यांहून अधिक होतो, काही ठिकाणी तर ९५ टक्क्यांहूनही अधिक, असे सांगितले जाते आणि ते अभिमानाने सांगितले जाते. यंत्र रिकामे राहू नये हे योग्यच. पण भरलेल्या यंत्रापुढे कामांची रांग लागते आणि त्या रांगेत नवशिक्याचे स्थान शेवटी असते. ज्याचा प्रबंध पुरा होत आला आहे त्याचे काम अडवून, ज्याचा प्रोग्रॅम अजून धड चालतही नाही त्याला वेळ द्यावा, असे कोणताही व्यवस्थापक आपण होऊन करणार नाही. म्हणजे यंत्राच्या यशाचा आकडा आणि शिक्षणाच्या यशाचा आकडा यांत एक सुप्त विरोध आहे, आणि नियमानेच तो सोडवावा लागेल.

हा विरोध दूरच्या विद्यार्थ्यास कसा जाणवतो, हे पाहण्यासाठी हिंगोली जिल्ह्यातील साखरा या गावाचे उदाहरण घेता येईल. साखऱ्याचा महासंगणकाशी काय संबंध, असा प्रश्न सहज उद्भवेल. संबंध दोन आहेत आणि दोन्ही निकटचे आहेत. पहिला पावसाचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्क’ हा महासंगणक सुरू झाला. त्याच्या बळावर २०२५ च्या मे महिन्यात ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही अंदाजप्रणाली राष्ट्रास अर्पण करण्यात आली. पूर्वीची प्रणाली १२ किलोमीटरांच्या चौकटींनी वातावरणाचा विचार करी. नवी ६ किलोमीटरांच्या चौकटींनी करते. सोयाबीन आणि हळदीच्या या मुलखावरील आकाशाचाही विचार तिच्यात आता अधिक बारकाईने होतो.

दुसरा संबंध गुरुत्वीय लहरींचा. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या दोन्ही भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असावयाच्या आहेत. अशा वेधशाळेतून मिळणाऱ्या नोंदीत खरा संकेत गोंगाटात बुडालेला असतो. तो शोधण्यासाठी गणिताने आधी काढून ठेवलेल्या असंख्य तरंगाकृती एकामागून एक नोंदीशी ताडून पाहाव्या लागतात. हे काम महासंगणकाचेच. युगुल ताऱ्यांच्या मीलनातून निघणाऱ्या लहरींसाठी या पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुकातील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा १९९१ सालचा शोधनिबंध महत्त्वाचा मानला जातो. म्हणजे विद्येचे एक टोक पुण्यात आहे आणि तिचे साधन हिंगोली जिल्ह्यात येऊ घातले आहे.

आता समजा, साखऱ्याच्या एका मुलीने नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून पदार्थविज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि यांपैकी एका विषयात संशोधन करण्याचे मनात आणले. अभियानाची यंत्रे ज्ञानजालाने जोडलेली आहेत; तत्त्वतः ती कोठूनही वापरता येतात. पण खाते मिळविण्यासाठी तिला प्रकल्प सादर करावा लागेल. प्रकल्पात किती प्रोसेसर-तास लागतील याचा हिशेब मांडावा लागेल. आणि तो हिशेब, वर पाहिल्याप्रमाणे, यंत्र वापरल्यावाचून मांडता येत नाही. मार्गदर्शकाने स्वतः असे काम केलेले असेल तर ही कोंडी फुटते. ते नसेल तर पाच दिवसांचे शिबिर करून ती प्रमाणपत्र घेऊन परत येईल, आणि शिकलेले सहा महिन्यांत विसरून जाईल. दोष तिच्या बुद्धीचा नाही आणि शिबिराच्या शिक्षकांचाही नाही. शिबिर आणि खाते यांच्यामधला दुवाच आखलेला नाही.

प्रचलित साधनांना त्यांचे श्रेय दिलेच पाहिजे. दूरस्थ वर्गांमुळे प्रवासाचा खर्च वाचतो. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स, सी यांसारख्या विषयांचे पाठ मराठीतूनही उपलब्ध केले आहेत. पहिली पायरी त्यांनी सुकर केली आहे. सी-डॅकचा ‘परम शावक’ हा टेबलावर मावणारा संच महाविद्यालयांसाठीच बनविलेला आहे. पण पहिल्या पायरीवरून गच्चीवर उडी मारता येत नाही. लहान संचावर समांतर प्रोग्रॅम लिहिणे शिकता येते; हजार प्रोसेसरांवर तोच प्रोग्रॅम का अडखळतो, हे तेथे दिसत नाही.

मधल्या पायऱ्या बांधणे अशक्य आहे काय? पूर्वानुभव तसे सांगत नाही. कानपूरच्या आयआयटीत १९६३ साली आयबीएम १६२० हा संगणक आला. तेव्हा प्रा. व्ही. राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरच्या शास्त्रज्ञांसाठी व अभियंत्यांसाठीही अल्प मुदतीचे वर्ग चालविले आणि शिकणाऱ्यांना आपले प्रोग्रॅम प्रत्यक्ष यंत्रावर चालवू दिले. देशात संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असताना हे घडले. अलीकडच्या काळात एडिंबरो येथील ‘आर्चर’ या ब्रिटिश राष्ट्रीय महासंगणकाच्या चालकांनी एक सोपी परीक्षा ठेवली आणि तिला वाहनचालकाच्या परीक्षेचे नाव दिले. ती उत्तीर्ण होणाऱ्या संशोधकास महासंगणकावर खाते आणि ठराविक वेळ मिळे. अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळा २०१३ पासून दरवर्षी सुमारे ७० संशोधकांना दोन आठवडे शिकविते. शुल्क घेत नाही आणि सर्वांत मोठ्या यंत्रांवर हात चालवू देते. तिन्ही उदाहरणांतील समान सूत्र एकच : शिकणे आणि यंत्र हाती येणे यांत अंतर पडू दिलेले नाही.

भाषेचा मुद्दाही टाळता येणार नाही. शास्त्राचे व्यवहार इंग्रजीत होतात, तेव्हा मराठीची काय गरज, असे म्हटले जाते. शोधनिबंध इंग्रजीत लिहावा याबद्दल वाद नाही. पण अडखळलेला विद्यार्थी आपली अडचण ज्या भाषेत मांडू शकतो, त्या भाषेत ती ऐकून घेणारा कोणी असावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने अनेक शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध केले. समांतर गणनासाठीही तशी नेटकी परिभाषा आणि सोदाहरण पाठ्यपुस्तक मराठीत होणे हे विद्यापीठीय विभागांचे कर्तव्य ठरते. कठीण संस्कृत शब्दांची रास म्हणजे परिभाषा नव्हे. रांग, खाते, वाटणी, निरोप हे घरचे शब्द या विषयात चपखल बसतात.

या परीक्षणातून तीन सूचना निघतात. पहिली, प्रत्येक शिबिराच्या अखेरीस उत्तीर्ण विद्यार्थ्यास वर्षभराचे खाते आणि मर्यादित प्रोसेसर-तास मिळावेत. दुसरी, अभियानाच्या क्षमतेचा एक टक्का केवळ शिकणाऱ्यांसाठी राखावा. ३५ पेटाफ्लॉपचा एक टक्का म्हणजे ३५० टेराफ्लॉप. ज्या ‘परम ८०००’ ने देशाची मान उंचावली त्याच्या हजारो पटींनी ही शक्ती अधिक आहे, आणि संशोधनाची रांग मात्र तिच्यामुळे फारशी लांबणार नाही. तिसरी, नांदेडसारख्या विद्यापीठात एखादा अनुभवी मार्गदर्शक कायम नेमावा, जो प्रकल्पाचा पहिला हिशेब विद्यार्थ्याशेजारी बसून मांडील. यांपैकी कोणत्याही सूचनेस नवे यंत्र लागत नाही.

यापुढे अहवालात किती जण शिबिरास बसले याबरोबरच, त्यांतील किती जणांनी वर्षभरात स्वतःचे काम महासंगणकावर चालविले, हेही छापले जावे. तो दुसरा आकडा प्रारंभी लहान असेल; त्याने संकोचण्याचे कारण नाही. साखऱ्याला पावसाचा अंदाज आज पुण्याहून मिळतो आणि उद्या त्याच्या जिल्ह्यातून विश्वाची स्पंदने टिपली जातील. तो अंदाज तपासणारी आणि ती स्पंदने वाचणारी माणसे त्याच मातीतून यावयाची असतील, तर त्यांच्यासाठी यंत्रावरील काही तास आजच बाजूला काढून ठेवले पाहिजेत.