नावामागचे शेपूट

आमच्या अलिबागकडच्या किनाऱ्यावर माणसाचे गाव त्याच्या आडनावातच सापडते. किहीमचा तो किहीमकर, चौलचा तो चौलकर. इथले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, तेलाचा धंदा करीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळसे इस्रायलला गेले, पण ‘कर’ त्यांच्याबरोबर गेला. दोन अक्षरांचे शेपूट, पण केवढे इमानी!

इंटरनेटवरच्या पत्त्यालाही असेच शेपूट असते: ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’. भाषिक समाजांना आपापले शेपूट हवे, ही मागणीही नवी नव्हे. कॅटलन भाषकांना २००५ साली ‘डॉट कॅट’ मंजूर झाले. आपल्याकडे २०१४ साली देवनागरीत ‘डॉट भारत’ आले. ते मराठी, हिंदी, कोकणी अशा अनेक भाषांचे सामाईक. मग ‘डॉट मराठी’ का नको?

जरूर मागावे. मात्र २०१२ च्या फेरीत नुसत्या अर्जाचीच फी १,८५,००० डॉलर होती, हे ध्यानात असावे. आणि शेपटाने भाषा जगत नाही. कॅटलनांनी पत्ता घेणाऱ्यांना अट घातली होती: मजकूर कॅटलनमध्ये हवा, नाहीतर काम त्या भाषा-संस्कृतीचे हवे. आमच्या मते त्या योजनेचा जीव या अटीत आहे.

‘किहीमकर’मध्ये आधी किहीम येते, मग ‘कर’. ‘डॉट मराठी’च्या आधी काय लिहायचे, ते आधी ठरवू या.