जुने म्हणजे शिळे नव्हे

संकेतस्थळावरील मजकूर ‘ताजा’ असला म्हणजे शोधयंत्र त्यास वरचे स्थान देते, अशी समजूत गेल्या काही वर्षांत रूढ झाली आहे. तिच्यापायी दोन प्रघात पडले: जुने लेख काढून टाकणे, अथवा मजकूर तसाच ठेवून त्यावर आजची तारीख चढविणे. लिखित शब्दाची चाड असणाऱ्यांस हे दोन्ही प्रघात खटकावेत. म्हणून या समजुतीची छाननी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

समजुतीत तथ्यांश आहेच. गूगलने नोव्हेंबर २०११ मध्ये आपल्या क्रमवारीच्या पद्धतीत बदल केला, तेव्हा सुमारे ३५ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल असे जाहीर केले होते. मात्र त्याच निवेदनात प्रश्नाप्रश्नांत भेद केलेला होता. नुकतीच घडलेली घटना, ठरावीक काळाने येणारी निवडणूक वा क्रीडास्पर्धा, आणि ज्यांत वरचेवर सुधारणा होतात अशा वस्तू, यांविषयीच्या शोधांत ताज्या माहितीस अग्रक्रम द्यावयाचा होता. झटपट टोमॅटो सॉसची कृती मात्र काही वर्षांपूर्वीची असली तरी उपयोगी पडते, असे उदाहरणही तेथे दिले होते. ताजेपणाची गरज प्रश्नावरून ठरते, हा त्यातील विवेक.

हा विवेक सुटला की काय होते, हे अमेरिकेतील ‘सी-नेट’ या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने दाखविले. क्रमवारी सुधारावी म्हणून त्याने आपले हजारो जुने लेख काढून टाकल्याचे ऑगस्ट २०२३ मध्ये उघड झाले. जुना मजकूर गूगलला नावडतो ही समजूतच निराधार असून तोही वाचकाच्या उपयोगी पडू शकतो, असा खुलासा गूगलचे डॅनी सुलिव्हन यांनी त्याच सुमारास केला. मजकुरात भर न घालता केवळ तारीख बदलण्यासही गूगलच्या मार्गदर्शनात नापसंतीच दर्शविली आहे.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. एखाद्या जुन्या शब्दाचा अर्थ शोधणाऱ्यास तीच उपयोगी पडते. तिच्यावर आजची तारीख घातली तर तिचे मोल वाढणार नाही, उलट साक्ष मात्र खोटी ठरेल.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव येथील मराठी संस्थांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. आपल्या जुन्या अंकांतील स्थानिक नोंदी पुष्कळदा अन्यत्र सापडत नाहीत. त्या महाजालावर नेताना ‘फार जुने झाले’ म्हणून गाळल्या, तर पुढच्या पिढीने शोधायचे तरी काय? अर्थात ‘जुने ते सोने’ म्हणून चुका जपणेही योग्य नव्हे. व्याख्यानाची वेळ व कार्यालयाचा पत्ता आजचाच हवा. जुन्या लेखात दुरुस्ती करावयाची झाल्यास मूळ तारीख कायम ठेवून दुरुस्ती तिच्या स्वतंत्र तारखेसह खाली नोंदवावी.

लोणचे मुरते आणि भात शिळा होतो. संपादकास हा फरक कळला पाहिजे. शोधयंत्राच्या मर्जीचे निमित्त सांगून ही जबाबदारी त्याला टाळता येणार नाही, असे आमचे मत आहे.