मॉरिशसमधील समाजविभागणी आणि तेथील मराठी समाज : एक चिकित्सा

१

जानेवारी १९७५ मध्ये नागपूर येथे भरलेल्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनास मॉरिशसचे तत्कालीन पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम उपस्थित होते. दुसरे संमेलन १९७६ मध्ये मॉरिशसमध्येच झाले. अशा प्रसंगांतून त्या बेटाची एक प्रतिमा विदर्भातील वाचकांच्या मनात रूढ झाली. हिंद महासागरातील एक छोटा भारत, हिंदी भाषेचे परदेशातील एक ठाणे, ही ती प्रतिमा होय. तीत तथ्यांश आहे. तथापि तिच्यामुळे दोन गोष्टी झाकल्या जातात. पहिली, या बेटाची निवडणूकव्यवस्था हिंदू, मुसलमान, चिनी आणि 'सामान्य लोकसंख्या' अशा चार समाजांच्या गणितावर उभी आहे. दुसरी, ज्यांना तेथे सरसकट 'हिंदू' म्हणून मोजले जाते त्यांत तमिळ, तेलुगू व मराठी हे समाज अंतर्भूत असून, कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आपली ओळख आजही निराळी राखून आहेत.

या विभागणीची उपपत्ती लावताना अभ्यासक बहुधा 'बहुविध समाज' या कल्पनेचा आधार घेतात. फर्निव्हल यांनी आग्नेय आशियातील वसाहतींच्या अभ्यासातून ही कल्पना मांडली; बर्टन बेनेडिक्ट यांनी १९६१ व १९६५ मधील आपल्या ग्रंथांतून ती मॉरिशसच्या संदर्भात वापरली. शेजारी राहणारे, परंतु धर्म, भाषा व चालीरीती यांनी विभक्त असलेले गट बाजारापुरते एकत्र येतात, असा या विचाराचा आशय. वर्णन म्हणून तो उपयुक्त आहे. कारणमीमांसा म्हणून मात्र तो अपुरा पडतो. अनेक भेदांपैकी काही निवडक भेदच राजकारणात निर्णायक का ठरले, या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळत नाही. ते उत्तर राज्यसंस्थेने केलेल्या वर्गीकरणात शोधले पाहिजे, आणि त्या शोधास मराठी समाजाचे उदाहरण विशेष साहाय्यभूत होते, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

मॉरिशसला आदिवासी लोकसंख्या नाही. सतराव्या शतकात डच आले आणि १७१० मध्ये निघून गेले. १७२१ पासून फ्रेंचांनी वसाहत वाढविली. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले. भूमिपुत्र आणि उपरे हा वाद, जो अन्य अनेक बेटांच्या इतिहासाचा गाभा आहे, तो येथे उत्पन्नच होऊ शकत नाही. सर्वच उपरे, भेद आहे तो कोण कशा रीतीने आणला गेला याचा.

फेब्रुवारी १८३५ मध्ये गुलामगिरी रद्द झाली. सुमारे ६६ हजार गुलामांच्या मुक्ततेबद्दल ब्रिटिश सरकारने वीस लक्ष पौंडांहून अधिक भरपाई दिली; ती मालकांना मिळाली, गुलामांना नव्हे. त्यापूर्वीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाजातून ३६ करारबद्ध भारतीय मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले होते. पुढील सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून तेथे गेली. मुंबईहून गेलेल्यांची संख्या कलकत्त्याच्या मानाने अल्प होती; त्यांत रत्नागिरी व तिच्या आसपासच्या जिल्ह्यांतील माणसांचा भरणा होता.

या मजुरांच्या नोंदवह्यांत नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव यांबरोबर जात हाही रकाना असे. मायदेशी ज्यांची ओळख प्रामुख्याने जातीने आणि गावाने होत असे, त्यांचे वंशज बेटावर मात्र 'मराठी' या एका नावाने एकत्र आलेले दिसतात. भोजपुरी, तमिळ व तेलुगू बोलणाऱ्यांच्या सान्निध्यात भाषा हीच सीमारेषा ठरली असावी, असे अनुमान करण्यास येथे आधार आहे. कोकणातील जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने टिकली, गोंधळ टिकला, आणि गणेशचतुर्थी तर राष्ट्रीय सुटीचा दिवस झाली. म्हणजे जी मराठी ओळख सोबत नेली असे आज मानले जाते, तिचे सध्याचे रूप बऱ्याच अंशी बेटावरच घडले. 'बहुविध समाज' ही कल्पना गटांना आयते गृहीत धरते. इतिहास मात्र ते घडताना दाखवितो.

३

गट घडले, एवढ्यावरून त्यांचे राजकीय पक्ष झालेच पाहिजेत असे नाही. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या मजूर पक्षाचा पहिला नेता मॉरिस क्युरे हा क्रिओल डॉक्टर होता, आणि त्याचे श्रोते मोठ्या प्रमाणावर उसाच्या मळ्यांतील भारतीय मजूर होते. १९३७ च्या मळ्यांतील उद्रेकामागे वेतनाचा प्रश्न होता, धर्माचा नव्हता. एमान्युएल आंकेतिल व गी रोझमाँ या पुढील नेत्यांनीही हीच परंपरा चालविली. वर्गाच्या पायावरील राजकारण या बेटावर अशक्य नव्हते, याचा हा पुरावा होय.

परिस्थिती पालटली ती मताधिकाराच्या विस्ताराबरोबर. मालमत्तेच्या अटीमुळे पूर्वी मतदारांची संख्या सुमारे १२ हजार होती. नव्या घटनेने साधी वाक्ये लिहितावाचता येणाऱ्यास मताधिकार दिला, तेव्हा १९४८ च्या निवडणुकीत ती ७२ हजारांच्या घरात गेली. बासुदेव बिसुनदयाल यांच्या चळवळीने गावोगावी प्रौढांना अक्षरओळख करून दिली, हा त्या पर्वाचा उज्ज्वल भाग. १९५९ मध्ये सार्वत्रिक प्रौढ मताधिकार आला. संख्या हीच सत्ता ठरताच कोणाची संख्या किती हा प्रश्न ऐरणीवर आला. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी आघाडी विजयी झाली, परंतु सुमारे ४४ टक्के मते गायताँ द्युव्हाल यांच्या विरोधी पक्षास पडली. १९६५ मध्ये व पुन्हा जानेवारी १९६८ मध्ये जातीय दंगली झाल्या, आणि त्या छायेतच १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला.

अल्पसंख्याकांना आश्वासन म्हणून घटनेच्या पहिल्या अनुसूचीत जी योजना आली तिचा आशय असा : बेटावरील वीस मतदारसंघांतून प्रत्येकी तीन आणि रॉड्रिग्ज बेटातून दोन, असे ६२ सभासद थेट निवडून यावेत. नंतर, ज्या समाजास लोकसंख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या असतील त्याच्या पराभूत उमेदवारांतून सर्वाधिक यशस्वी ठरलेल्यांना आठपर्यंत जादा जागा द्याव्यात. यासाठी प्रत्येक उमेदवाराने आपला समाज अर्जात घोषित करावयाचा. मतदारयाद्या मात्र सर्वांच्या एकत्र.

४

या अनुसूचीची चिकित्सा प्रथम तर्कदृष्ट्या करणे इष्ट आहे. वर्गीकरणाचे तत्त्व एकच असावे, हा तर्कशास्त्राचा प्राथमिक नियम. येथे हिंदू व मुसलमान हे वर्ग धर्मावरून, चिनी हा वर्ग मूळ देशावरून, आणि चौथा वर्ग केवळ उरलेल्यांचा असा बनविला आहे. जो आपल्या 'जीवनपद्धती'वरून पहिल्या तिहींत बसत नाही तो 'सामान्य लोकसंख्या' या चौथ्या समाजाचा. परिणामी, ज्यांनी भरपाई घेतली त्या गुलाममालकांचे वंशज आणि ज्यांच्याबद्दल ती घेतली गेली त्या गुलामांचे वंशज एकाच वर्गात येतात. क्रिओल समाजाच्या दारिद्र्याचा प्रश्न या वर्गाच्या सरासरीत बुडून जातो. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या गायकाच्या पोलीस कोठडीतील मृत्यूनंतर बेटावर जो प्रक्षोभ उसळला, त्याचे मूळ शोधताना ही गोष्ट विसरता येत नाही.

'हिंदू' या वर्गाची अवस्था दुसऱ्या बाजूने तशीच आहे. १९७२ च्या जनगणनेत हा वर्ग सुमारे ५२ टक्के भरला, आणि तेवढ्यावरून तो बहुसंख्य ठरला. या बावन्नांत भोजपुरीभाषकांबरोबर तमिळ, तेलुगू व मराठी हे समाज आहेत. मराठी उमेदवार पराभूत झाला तरी त्याचा समाज अनुसूचीच्या दृष्टीने अल्पप्रतिनिधित्वाचा ठरण्याचा संभव फार थोडा. कारण तेथे तो मराठी नसून बहुसंख्य हिंदू असतो. याउलट सांस्कृतिक क्षेत्रात शासनच त्याला निराळा मानते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचा स्वतंत्र विभाग आहे, शाळांतून मराठी हा ऐच्छिक विषय आहे, मराठीभाषक संघाला कायद्याचे अधिष्ठान आहे. एकाच राज्यसंस्थेने एकाच माणसास मतपेटीपाशी एका नावाने आणि शाळेपाशी दुसऱ्या नावाने हाक मारावी, असा हा प्रकार आहे.

या विसंगतीचे फळ विचारार्ह आहे. जनगणनेतील धर्माच्या रकान्यात काही नागरिकांनी 'हिंदू' असे न लिहिता 'तमिळ', 'तेलुगू' किंवा 'मराठी' असे उत्तर दिले, आणि धर्मवार तक्त्यांत ही नावे प्रत्यक्ष छापली गेली आहेत. मराठी हा धर्म आहे, हे विधान महाराष्ट्रातील वाचकास हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या व्यवस्थेत धर्म हीच गणनेची मान्य कसोटी आहे, तेथे भाषिक समाजाने आपली भाषा त्याच रकान्यात लिहावी हे सुसंगतच म्हटले पाहिजे. ही स्पर्धा किती सूक्ष्म असते याचे दुसरे उदाहरण १९९८ चे. नव्या चलनी नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या आधी छापला गेला, तमिळ समाजाने तीव्र निषेध केला, आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. अनुसूचीच्या लेखी मात्र हे दोन्ही पक्ष एकाच समाजाचे होते. शिवाय घरी बोलली जाणारी भाषा पाहू गेल्यास पाचांपैकी चारांहून अधिक नागरिक क्रिओलच बोलतात. चारही समाजांना जोडणाऱ्या या भाषेस शाळेत ऐच्छिक विषय म्हणून प्रवेश मिळण्यास २०१२ साल उजाडले.

५

तुलनेने हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. महाराष्ट्रास ही समस्या अपरिचित नाही. १९१९ च्या सुधारणांनुसार मुंबई प्रांताच्या विधिमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी बहुसदस्य मतदारसंघांत सात जागा राखल्या गेल्या. कोणती जात 'तत्सम' हा प्रश्न तेव्हाही होताच. सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्य वर्गासाठी विभक्त मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांतील राखीव जागांचे तत्त्व मान्य झाले. डॉ. आंबेडकरांनी कोणत्या दडपणाखाली ते स्वीकारले, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

त्याच तत्त्वाचे आजचे रूप नागपूरनजीकच्या हिंगणा येथे पाहता येते. हिंगणा हा विधानसभेचा सर्वसाधारण मतदारसंघ असून, तो ज्या रामटेक लोकसभा मतदारसंघाचा भाग आहे तो २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. हिंगणा येथील एकच मतदार एका निवडणुकीत कोणत्याही समाजाच्या उमेदवारास, तर दुसरीत केवळ अनुसूचित जातीच्या उमेदवारास मत देतो. आपण कोण हे त्याला कोठेही सांगावे लागत नाही. येथे राखीवता निवडणुकीपूर्वी ठरते, तिचे समर्थन विशिष्ट ऐतिहासिक अन्यायावर आधारलेले असते, आणि सर्वसाधारण जागेवरील उमेदवार आपल्या समाजाची घोषणा न करता उभा राहू शकतो. मॉरिशसमध्ये समाजाचा हिशेब निवडणुकीनंतर होतो, तो सर्वांनाच लागू होतो, आणि गुलामगिरीसारख्या अन्यायाची त्यात दखलही नाही.

दुसरे उदाहरण सायप्रसचे. तेथील १९६० च्या घटनेने ग्रीक व तुर्क असे दोनच समाज मानले, सभागृहाच्या ५० जागा ३५ व १५ अशा वाटल्या, आणि मतदारयाद्याही विभक्त ठेवल्या. मॅरोनाइट, आर्मेनियन व लॅटिन या छोट्या समाजांना दोहोंपैकी एक निवडणे भाग पडले. ते ग्रीक समाजात गणले गेले. १९६३ च्या अखेरीस ती घटना कोलमडली व १९७४ मध्ये बेटाचे विभाजन झाले. मॉरिशसमधील मराठी समाजाची अवस्था सायप्रसमधील मॅरोनाइटांशी ताडून पाहण्यासारखी आहे. मात्र मॉरिशसने मतदारयादी एकत्र ठेवली, बहुसदस्य मतदारसंघांमुळे पक्षांना मिश्र उमेदवार देणे भाग पडले, आणि देश अखंड राहिला. त्या अनुसूचीच्या समर्थकांचा हा युक्तिवाद वजनदार आहे. १९६८ मध्ये भयग्रस्त असलेल्या अल्पसंख्याकांना तिने दिलासा दिला, हे नाकारणे अनैतिहासिक ठरेल.

६

परंतु एका संकटकाळी उपयोगी पडलेली तरतूद कायमची योग्य ठरत नाही. समाजवार गणना १९७२ नंतर झालेली नाही. १९८२ च्या घटनादुरुस्तीने जनगणनेतील तो प्रश्न गेला. जादा जागांचे वाटप मात्र १९७२ च्या आकड्यांवरच चालू राहिले. प्रश्न काढला आणि त्याचे जुने उत्तर ठेवले, असा हा मधला मार्ग होता. १९८२, १९९५ आणि २०२४ या वर्षी एकाच आघाडीने मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा जिंकल्या, यावरून मतदार केवळ समाज पाहून मत देतो हे गृहीतकही तपासून घेणे आवश्यक ठरते.

आपला समाज घोषित करण्यास नकार देणाऱ्या उमेदवारांचा लढा २००५ पासून न्यायालयात गेला. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने, अद्ययावत आकडे नसताना अशी घोषणा सक्तीची करणे हा हक्काचा भंग असल्याचा निर्णय दिला. २०१४ च्या निवडणुकीपुरती ती सक्ती शिथिल झाली. २०१९ मध्ये घोषणा न करणाऱ्यांचे अर्ज पुन्हा अवैध ठरले.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष गणनेच्या विरोधी नाही. मोजणे टाळल्याने भेद नाहीसे होत नाहीत. क्रिओल समाजाची उपेक्षा तर नीट न मोजल्यामुळेच दृष्टीआड राहिली. भारत सरकारने एप्रिल २०२५ मध्ये आगामी जनगणनेत जातवार नोंद करण्याचा निर्णय घेतला असल्याने हा प्रश्न येथील अभ्यासकांनाही निकटचा आहे. कोणत्याही गणनेबाबत तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत : वर्ग कोणत्या तत्त्वावर पाडले, त्यांतून कोणता अन्याय उजेडात येतो, आणि ते वर्ग बदलण्याची वाट मोकळी ठेवली आहे की नाही. मॉरिशसच्या अनुसूचीत पहिल्याचे उत्तर विसंगत आहे, दुसऱ्याचे अपुरे, आणि तिसरी वाट १९७२ च्या आकड्यांनी अडविली आहे. धर्माच्या रकान्यात 'मराठी' असे लिहिणाऱ्या त्या नागरिकाने वर्गीकरणातील हा दोष आपल्या परीने नोंदवून ठेवला आहे. पुढील संशोधनाने त्याच्या उत्तराकडे चूक म्हणून न पाहता पुरावा म्हणून पाहावे.