तंजावरची दौलत आणि एक निवाडा

तंजावरच्या भोसल्यांविषयी मराठीत बहुधा गौरवानेच लिहिले जाते. त्या घराण्याची शोकांतिका मात्र वाचावी ती प्रिव्ही कौन्सिलच्या १८५९ सालच्या निवाड्यात. दुसरे शिवाजीराजे १८५५ साली औरस पुत्रावाचून वारले. कंपनीने राज्य खालसा केलेच, शिवाय जडजवाहीर, जमिनी, वाड्यातील चीजवस्तू, सारे ताब्यात घेतले. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दावा लावला. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने कौल त्यांच्या बाजूने दिला. लंडनने तो फिरविला.

या निवाड्याचे गद्य विलक्षण आहे. जप्तीला कायद्याचा आधार सापडत नाही, हे लॉर्ड किंग्जडाऊन जवळजवळ मान्य करतात. आणि आवाज यत्किंचितही न चढविता सांगतात, की हे राजसत्तेचे कृत्य, त्यावर न्यायालयाकडे इलाज नाही. अन्याय ओळखावा आणि फाईल बंद करावी! सरकारी लेखणी धरणाऱ्या आपणां वाचकांना ही शैली परकी वाटू नये. तिची उणीव एकच, पण मोठी: खासगी आणि दौलतीचे यांवर एवढा खल होतो, त्यात वाड्यातल्या बायकांचे जिणे कोठेच डोकावत नाही.

१८६२ साली सरकारने मालमत्ता राण्यांना परत केली, ती हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. पुढे त्या राण्यांतच वाटणीचा तंटा जुंपला आणि १८६८ साली मद्रास हायकोर्टाने तो निकालात काढला.