कॅथरिनचा संशय

जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत ‘नॉर्थँगर ॲबी’ला आपल्याकडे फारसा मान नाही. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वर तासभर बोलणारी माणसेही हिचे नाव निघाले की ‘हो, ती थट्टेची कादंबरी’ म्हणून पुढे सरकतात. मीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत आलो. गेल्या पावसाळ्यात पनवेलच्या घरी, बाहेर पागोळ्या गळत असताना, ती पुन्हा वाचली आणि हे मत मागे घ्यावेसे वाटले.

कथा अगदी साधी आहे. कॅथरिन मॉरलंड ही विल्टशायरमधल्या खेड्यातल्या एका पाद्र्याची मुलगी. घरात दहा भावंडे, रूप बेताचे, वय सतरा. शेजारच्या सुखवस्तू जोडप्याबरोबर ती बाथ शहरी येते, नाचाच्या दिवाणखान्यांत बुजते आणि मिसेस रॅडक्लिफची ‘उडोल्फो’ ही भयकादंबरी वाचून झपाटून जाते. हेन्री टिल्नी या तरुणावर तिचा जीव जडतो. त्याचे वडील जनरल टिल्नी तिला आपल्या घरी पाहुणी म्हणून नेतात. हे घर म्हणजे एक जुना मठ! मग काय विचारता? वादळी रात्री ती एक काळे कपाट उघडते. आत कागदांची गुंडाळी सापडते, तेवढ्यात मेणबत्ती विझते. सकाळी पाहते तो धोब्याची बिले! तरीही ती शहाणी होत नाही. जनरलने आपल्या बायकोचा खून केला असावा, निदान तिला कोठेतरी कोंडून तरी ठेवले असावे, असा संशय तिच्या मनात बळावतो. हेन्रीला तो कळतो आणि तो तिला चांगलेच सुनावतो. आपण कोणत्या देशात आणि कोणत्या युगात राहतो याचा काही विचार केलास का, असा त्याच्या बोलण्याचा भावार्थ. कॅथरिन रडत खोलीत पळते.

आपले बहुतेक टीकाकार येथेच पुस्तक मिटतात. मुलीने कादंबऱ्या वाचल्या, मुलगी बहकली, शहाण्या पुरुषाने तिला ताळ्यावर आणले! हा धडा आपल्याला अनोळखी नाही. ‘मुक्तामाला’ १८६१ साली निघाली, ‘मंजुघोषा’ १८६८ साली, आणि १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांना नावल व नाटक यांवर निबंध लिहून या अद्भुताची झडती घ्यावी लागली. वाङ्मय म्हणून ती झडती योग्यच होती. पण घरोघरच्या कर्त्या पुरुषांनी तिचा सोयीस्कर अर्थ केला, तो असा की बायकांच्या हाती कादंबरी पडू नये.

जेन ऑस्टिन मात्र तेथे थांबत नाही. थोड्याच दिवसांत जनरल घरी परततो आणि या सतरा वर्षांच्या मुलीला दुसऱ्या दिवशी पहाटे घराबाहेर काढतो. रविवारचा दिवस, सत्तर मैलांचा रस्ता, भाड्याची गाडी, सोबतीला मोलकरीणसुद्धा नाही. हेन्रीच्या बहिणीने वेळेवर पैसे दिले नसते तर तिच्याजवळ वाटखर्चही नव्हता. आणि गुन्हा कोणता? ती श्रीमंत घरची वारसदार आहे असे जनरलने ऐकले होते; ते खोटे निघाले. खून नाही, तळघर नाही. नुसता हिशेब चुकला! शेवटी लेखिका एका वाक्यात सांगून टाकते की, त्या माणसाविषयी कॅथरिनने जे मनात आणले होते त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. हे वाक्य आमच्या थट्टावाद्यांच्या नजरेतून कसे निसटते, नकळे. कॅथरिनचा पुरावा चुकला होता, माणसाची पारख चुकली नव्हती. आणि ती पारख करण्याचे धैर्य तिला त्या टाकाऊ कादंबरीनेच दिले होते.

पुस्तकांनी मुलींची दृष्टी बिघडते म्हणणाऱ्यांनी त्याच काळातली एक खरीखुरी तरुणी पाहावी. मारिया ग्रॅहम ही अशीच पुस्तकवेडी. बापाबरोबर हिंदुस्थानला येताना जहाजावरच एका नौदल अधिकाऱ्याच्या प्रेमात पडली आणि १८०९ साली, चोविसाव्या वर्षी, त्याच्याशी विवाहबद्ध झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईहून खाडीने आमच्या पनवेलला उतरली आणि घाट चढून कार्ले, पुणे पाहून आली. तिचे प्रवासवर्णन १८१२ साली छापले गेले. मुंबईतला गोरा समाज तिला विलायतेतल्या एखाद्या लहान गावासारखा कोता वाटला. डोंगर, लेणी आणि येथली माणसे मात्र तिने डोळे भरून पाहिली.

मला हे सारे इतके का लागले, तेही सांगतो. माझी थोरली आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. पोथीखाली ‘मुक्तामाला’ ठेवून वाचायची. धाकट्या आत्याला सांगून आले तेव्हा मुलाच्या वडिलांनी दारच्या माडांपासून माजघरातल्या हंड्यांपर्यंत सर्वांची तोंड भरून स्तुती केली. भाताची जमीन किती, हे दोनदा विचारले. थोरली आत्या आजोबांना म्हणाली, “अण्णा, हा माणूस मुलीकडे एकदाही बघत नाही. मला त्याची भीती वाटते.” आजोबा हसले. “मुक्तामाला जरा कमी वाच,” म्हणाले. लग्न झाले. पुढे कुळकायद्यात आमची जमीन गेली आणि एका संध्याकाळी धाकटी आत्या वळकटी घेऊन एकटीच एस. टी.तून उतरली. आधी पत्र नाही, सोबत कोणी नाही.

अशी वाचणारी मुलगी मराठी कादंबरीत मला अजून भेटलेली नाही. हरिभाऊंच्या यमूचे दुःख आपल्याला ठाऊक आहे, तिची शिकण्याची हौसही ठाऊक आहे; पण अद्भुत कथा वाचून बहकलेली आणि तरी खरे ओळखणारी नायिका आपण निर्माण केली नाही.

‘नॉर्थँगर ॲबी’त दोष नाहीत असे नव्हे. हे हस्तलिखित १८०३ साली दहा पौंडांना विकले गेले, प्रकाशकाकडे वर्षानुवर्षे पडून राहिले आणि लेखिकेच्या मृत्यूनंतर १८१७च्या डिसेंबरात, म्हणजे इकडे बाजीराव पुणे सोडून रानोमाळ फिरत असताना, प्रसिद्ध झाले. शेवट तर तिने घाईघाईने उरकला आहे. हेन्रीच्या बहिणीला एकाएकी एक उमराव नवरा मिळतो, जनरल खूष होतो आणि लग्नाला संमती देतो. मला याहून खटकते ते वेगळेच. हेन्री बापाच्या वागण्याने शरमतो, बापाची आज्ञा मोडून कॅथरिनला मागणी घालतो. हे सारे उत्तमच. पण देश आणि युग यांवरचे ते भाषण तो कधी परत घेत नाही.

आमच्या आजोबांनीही ते शब्द कधी परत घेतले नाहीत. मात्र त्यानंतर ‘मुक्तामाला’ पोथीखालून निघाली आणि देवघराबाहेरच्या कोनाड्यात उघडी राहू लागली.